एक गिलास, एक भाकरी

लोक माझ्याशी खोटं बोलतात. त्याचं मला वाईट वाटत नाही, कामच तसं आहे. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. समोरचा माणूस "दोनच पोळ्या" म्हणाला की मी कागदावर तीन लिहिते. "चहात साखर नाहीच" म्हणाला की एक चमचा धरते. बारा वर्षांत ही दीडपट माझ्या अंगवळणी पडली आहे. ती मी शिकल्यासवरल्यांना लावते, अडाण्यांना लावते, स्वतःच्या आईलाही लावते. एकट्या ग्यानोबामामांना कधी लावली नाही, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक तीच.

ग्यानोबा सोनकांबळे म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. लातूरला वजनमापे खात्यात सहायक म्हणून त्यांची चौतीस वर्षं गेली. जीपमध्ये पुढे साहेब आणि मागे मांडीवर लाकडी पेटी घेऊन मामा. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं आणि सरकारी शिक्क्याची मापं असायची. त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही, कापडानं उचलायचं. बोटाच्या घामानंसुद्धा वजन फिरतं, असं मामा सांगायचे आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. मामांना हसण्याचं काही वाटायचं नाही. घरातला तांब्या, वाटी, दुधाचं पातेलं, सगळ्यांत नेमकं किती मावतं ते त्यांना पाठ होतं. सरजामामी वैतागून म्हणायच्या, "या माणसाला मीठसुदीक चिमटीनं चालत न्हाई, ग्रॅमात लागतंय."

मी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला औशाच्या बाजारात नेलं होतं. एक दुकानदार शेंगदाणे तोलत होता. गिऱ्हाईक, मी, मागे उभी असलेली दोन माणसं, सगळे तराजूच्या काट्याकडे बघत होतो. मामा वाकून माझ्या कानात म्हणाले, "पोरी, काट्याकडं काय बघून राहिलीस? काटा खोटं बोलत न्हाई. अंगठ्याकडं बघ." बघितलं, तर पारड्याच्या साखळीवर त्या माणसाचा अंगठा होता. अगदी सहज टेकल्यासारखा. मामा त्याला काही बोलले नाहीत. नुसते त्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले, आणि थोड्या वेळानं तो अंगठा आपसूक उचलला गेला.

मामांना दुसरी ओढ विहाराची. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता वस्तीच्या विहारात वंदना व्हायची आणि पंचशील मामा द्यायचे. ते एकेक ओळ म्हणणार आणि मागून सगळे. मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की त्यांचा आवाज एक पायरी चढायचा. त्याला कारण होतं. माझे आजोबा हातभट्टीच्या दारूनं गेले, तेव्हा मामा चौदा वर्षांचे होते. विहाराच्या दारात कुणी पिऊन आला तर मामा त्याला हाताला धरून घरी पोचवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन असं काही बोलायचे की तो माणूस महिनाभर त्यांच्यासमोर यायचा नाही. वस्तीत त्यांचा धाक होता.

साखरेचा आजार त्यांना अकरा वर्षांपासून, आणि इन्सुलिनची सुई शेवटची चार वर्षं. ती सुई म्हणजे मोठी जोखीम असते. एकदा टोचली की ती अंगातली साखर ओढायला लागते. पंधरा-वीस मिनिटांत पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं, तर ती थांबत नाही. आधी हातपाय थरथरतात, मग घाम फुटतो, मग जीभ जड होते, मग माणूस झोपल्यासारखा पडतो. मेंदूला साखर मिळत नाही म्हणून पडतो, पण बघणाऱ्याला वाटतं झोपला. हे सगळं मी मामा-मामींना समोर बसवून तीनदा सांगितलं होतं. मामींनी ते सगळं एका वाक्यात बसवलं होतं, "सुई झाली का? वाढू का?" ते वाक्य त्या घरात दिवसातून दोनदा ऐकू यायचं.

तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या. मामांनी मग स्वतःच भाकरी थापायला सुरुवात केली. शेजारचे सलीमभाई काटे दुरुस्त करणारे, मामांचे नोकरीपासूनचे दोस्त. त्यांनी एक छोटा इलेक्ट्रिक काटा आणून दिला. मी तक्ता करून दिला. दुपारी सुई, आणि सुईवर दोन भाकरी, प्रत्येकी पन्नास ग्रॅम पिठाची. मामा पीठ तोलायचे, भाजी तोलायचे, आणि रोज मला आकडे पाठवायचे. खरं सांगते, असा पेशंट मला दुसरा मिळाला नाही. दवाखान्यात मी बाकीच्यांना त्यांचं उदाहरण द्यायची.

त्यांचा मुलगा आदर्श पुण्याला एका कंप्युटरच्या कंपनीत आहे. वय एकतीस, अजून लग्न नाही. बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "हो". भांडण नव्हतं, काहीच नव्हतं. मामी होत्या तोवर एकाचं बोलणं दुसऱ्याला त्या पोचवायच्या. त्या गेल्यावर पोचवणारंच कुणी उरलं नाही. यंदा जानेवारीत कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली आणि आदर्श लातूरला आला. चार ते मध्यरात्रीपर्यंत त्याची ड्युटी, सकाळी उशिरापर्यंत झोप. एका घरात राहून दोघांची गाठ फक्त दुपारच्या ताटावर पडायची. मामा फोनवर म्हणायचे, "पोरगं घरात हाय, पर भाड्यानं राहिल्यावानी हाय."

एप्रिलच्या मध्यावर त्यांचा फोन आला तेव्हा मात्र आवाज वेगळा होता.

"लुंबिनी, आदर्श लई बोलायलाय आता. रविवारी दोन दोन तास बसतो माझ्यापशी. त्याच्या हाफिसातलं सांगतो, त्याच्या आईचं काढतो. काल तर म्हणला, बाबा, रिटायर होताना मिळालेली तुमची ती पेटी कुठाय, बघू तरी."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग ते म्हणाले, "एक मोजमाप करून दे मला."

"कशाचं?"

"फळाचं सरबत हाय. आदर्श करतो घरी. एका गिलासात किती क्यालरी त्येवढं सांग, मी जेवणातून काढतो."

"मामा, सरबत कशाला? तुमची साखर..."

"घरचंच हाय गं. इकतचं न्हाई. मोजून घेईन."

'घरचंच' या शब्दाचा मला मनापासून राग आहे. घरचं तूप, घरचा गूळ, घरचं लोणचं. घरात केलं म्हणजे त्यातली साखर माहेरी जाते, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. मी मामांना त्यावरून चांगलं सुनावलं. घरचं आणि बाहेरचं शरीराला कळत नाही, असं भाषण ठोकलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझा सगळा राग त्या एका शब्दावर खर्च झाला, आणि 'सरबत' हा दुसरा शब्द तसाच बाजूनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कार्डाचा फोटो आला. खात्यातलं जुनं नोंदीचं कार्ड, त्याच्या पाठीवर मामांचं सरळ, उभं अक्षर. काळी द्राक्षं दोन किलो. साखर चारशे ग्रॅम. मोसंबी तीन, सालीसकट, पाचशे बारा ग्रॅम. सफरचंद एक, एकशे चाळीस. दालचिनी चार ग्रॅम. पाणी एवढं, सोडा एवढा. तयार माप तीन लिटर आठशे. एक गिलास म्हणजे दोनशे मिली. कार्ड एका हातात धरून दुसऱ्या हातानं फोटो काढलेला, त्यामुळे खालची कड त्यांच्या अंगठ्याखाली गेली होती. नखात पीठ अडकलेलं दिसत होतं.

मी हिशेब मांडला. द्राक्षातली साखर, वरची साखर, फळांची साखर, सगळं मिळून एकोणीस गिलासांत वाटलं. एका गिलासाला एकशे सत्तर उष्मांक. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी बरोबर तेवढीच. आकडा असा नेमका जुळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तरी एक कुसळ टोचलं होतं. सरबतात दालचिनी? मोसंबी सालीसकट? हे कुठंतरी मुरत ठेवलंय का? मी फोन हातात घेतला आणि "मामा, हे किती दिवस ठेवलंय" एवढं टाईप केलं. मग पुसून टाकलं. त्या प्रश्नाचा अर्थ त्यांना कळला असता. दर रविवारी दोनशे माणसांना पंचशील देणाऱ्या माणसाला, ज्याचा बाप दारूनं गेला त्याला, त्याच्या भाचीनं असलं विचारायचं? माझी जीभ रेटली नाही. त्याऐवजी मी लिहिलं, "एक गिलास = एक भाकरी. ज्या दिवशी गिलास, त्या दिवशी एक भाकरी कमी. सुई नेहमीएवढीच." मामांनी उत्तरादाखल नेहमीसारखं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पुढच्या रविवारी जेवणानंतर दोन तासांचा त्यांचा आकडा आला, एकशे अठरा. नेहमी एकशे साठ-सत्तर असायचा. लगेच फोन. "आगं, या सरबतानं साखर वाढतच न्हाई! तुझं माप बरोबर बसलं." मीही खूश. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी हा किस्सा सांगितला, आमचे मामा असे आणि आमचे मामा तसे. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "असे दहा पेशंट द्या."

मेच्या पहिल्या रविवारी आकडा ब्याऐंशी आला. मी फोन केला. "मामा, फार खाली आलाय. काहीतरी खा बरं आधी." ते म्हणाले, केळं खाल्लंय. दुपारी हात कापत होते, घामानं बनियन भिजलं होतं. "पर घाम तर येणारच की. लातूरचं ऊन तुला ठाऊक न्हाई का?" त्या दिवशी इकडे नांदेडलाही बेचाळीसच्या वर पारा होता. मी मान्य करून टाकलं.

त्याच आठवड्यात आई बोलता बोलता म्हणाली, "दादाचा घसा बसलाय म्हणं. तीन रविवार झाले, विहारात शील धम्मानंदच देतोय." धम्मानंद म्हणजे विहाराचे सचिव, तरुण मास्तर. मी आईला विचारलं, "घसा? माझ्याशी तर नीट बोलतात." आई म्हणाली, "आसंल कायतरी." मी पुढे विचार केला नाही. आज वाटतं, तो माणूस विहारात उभं राहून खोटं बोलायला तयार नव्हता, म्हणून घसा बसवून मागे जाऊन बसत होता. इतकं सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं त्यांनी. आणि मी पेशंटांच्या पोळ्या मोजत बसले होते.

मेचा दुसरा रविवार. त्या दिवशी काय झालं ते मला आदर्शनं नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

एक वाजता मामांनी सुई टोचली आणि ताटावर बसले. मटणाचा रस्सा होता, दोन भाकऱ्या दुरडीत होत्या. मामांनी एक भाकरी ताटात घेतली आणि आदर्शनं त्यांचा गिलास भरला. मामा आधी पेटीतल्या शिक्क्याच्या मापानं मोजून मगच गिलासात ओतू द्यायचे. मग आदर्शनं सांगितलं की कंपनीनं परत बोलावलंय. एक जूनला पुण्याला हजर व्हायचं. मामांनी गिलास संपवला. बराच वेळ रश्शात चमचा फिरवत राहिले. आदर्श उठायला लागला तसं त्याच्या हाताला धरून म्हणाले, "बस की. अजून एक दे मला." आणि ताटातली न मोडलेली भाकरी त्यांनी उचलून दुरडीत परत ठेवली. म्हणाले, "दोन गिलास, दोन भाकरी. लुंबिनीचं माप हाय."

सुई अंगात गेली होती. भाकरी दोन्ही दुरडीत होत्या.

त्या दिवशी मामा खूप बोलले. पहिल्या नोकरीचं, शिरूर अनंतपाळच्या बाजारात त्यांच्या अंगावर धावून आलेल्या माणसाचं, मामींना बघायला गेले तेव्हा मामींच्या घरचा तराजू खोटा निघाला त्याचं. आदर्श म्हणतो, बाबांना इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. सव्वादोनच्या सुमाराला त्यांची जीभ अडखळायला लागली. एकच वाक्य दोनदा बोलले. कपाळावर घाम आला. आदर्श हसून म्हणाला, "बाबा, चढली का काय?"

मामांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाले, "खोलीत नेऊन टाक मला. दार लाव. कुनाला आत सोडू नको."

त्यानं तसंच केलं. बापाचा शब्द त्यानं आयुष्यात पहिल्यांदा तंतोतंत पाळला.

साडेचारला धम्मानंद आले. तीन रविवार काकांचा घसा बसलाय, आज बरं असेल तर सोबत घेऊन जावं म्हणून. आदर्श दारात आडवा उभा राहिला. खोलीत वास होता, बाबांच्या तोंडाला वास होता. "ताप आलाय, झोपलेत," तो म्हणाला. धम्मानंद म्हणाले, मी नुसतं बघून जातो. आदर्श म्हणाला, नको, आत्ताच डोळा लागलाय. धम्मानंद दोन मिनिटं ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि गेले. दाराच्या आत चार हातांवर मामांच्या अंगातली साखर संपत आली होती.

पाचच्या पुढं सलीमभाई आले. ते नेहमी मागच्या दारानं यायचे, त्यांना कोण अडवणार? त्यांनी मामांच्या गालाला हात लावला, डोळ्याची पापणी वर केली आणि आदर्शवर ओरडले, "अरे, ये नशा नै है! मेरी अम्मी को ऐसाच होता था. शक्कर गिर गई इनकी. तेरी बहन को फोन लगा!"

माझा फोन वाजला तेव्हा पाच वीस झाले होते. मी गॅलरीतल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते.

"ताई, बाबा उठत नाहीयेत. घाम सुटलाय. गार पडलेत."

"मीटर लाव. लगेच."

"लावलं. आकडाच येत नाही. एल-ओ असं लिहून आलंय."

त्या मशीनला मोजता येणार नाही इतकी साखर खाली गेली की ते असं लिहितं. "किती वाजता पडले? जेवले काय?"

"रस्सा. भाकरी नाही खाल्ली. दोन गिलास घेतले ना, तू सांगितलं होतंस तसं."

"कसले दोन गिलास, आदर्श?"

मागे सलीमभाई रिक्षाला हाका मारत असलेले ऐकू येत होते.

"कसले?"

"सांग्रिया," तो म्हणाला. "वाईन असते ना ताई, त्यात फळं टाकून. द्राक्षं मी घरीच मुरवली होती. बाबांनी तुला सांगितलं होतं ना?"

मी त्याला म्हटलं तोंडात काही घालू नको, श्वासात जाईल, सरळ दवाखान्यात घेऊन पळ, आणि तिथं पहिलं वाक्य सांग की सुई घेतली आणि दारू घेतली. फोन चालूच होता. दवाखान्याच्या दारात कुणीतरी विचारलं, काय घेतलंय यांनी? आणि मी इकडे नांदेडच्या बसस्टँडकडे पळत असताना माझ्या कानात आदर्शचा आवाज आला, "सरबत." मी रस्त्यात उभी राहून किंचाळले. लोक वळून बघायला लागले. मग फोनमध्ये सलीमभाईंचा आवाज आला, खणखणीत, "साब, शराब है. घर की. लिखो."

डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली. आकडा वर आला, मामा वर आले नाहीत. तीन तास मेंदू उपाशी राहिला होता. सहा दिवस ते अतिदक्षता विभागात, काचेच्या खोलीत होते. मी रोज जवळ बसून त्यांच्याशी बोलायची. त्यांची बोटं मधूनच हलायची, चिमटीनं काहीतरी उचलून ठेवल्यासारखी. सातव्या दिवशी सकाळी ते गेले.

माझ्या धंद्यातली माणसं विचारतील म्हणून सांगते, माझा हिशेब चुकला नव्हता. द्राक्षं बरणीत मुरली की त्यातली साखर जाते आणि तिची दारू होते. पण उष्मांक जवळपास तेवढेच राहतात. एका गिलासात एकशे सत्तर होते, ते होतेच. फक्त त्यात भाकरीसारखी सुईला पुरणारी साखर फार थोडी उरली होती. उरलेली सगळी दारू होती, आणि दारू पोटात असली की यकृत स्वतःहून साखर सोडायचंही थांबवतं. मामांनी वजनं चोख दिली, मी बेरीज चोख केली, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या ताटातली भाकरी काढून घेतली.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहार भरून माणसं बाहेर उभी होती. धम्मानंदनी त्रिशरण-पंचशील दिलं. पाचव्या शीलाला मी ओठ हलवले, आवाज निघाला नाही. शेजारी आदर्श खाली बघत होता. मग धम्मानंद बोलायला उभे राहिले. म्हणाले, "काकांनी उभ्या आयुष्यात दारूला शिवलं न्हाई. आन तापानं माणूस नेला." लोकांनी माना हलवल्या. मागे बसलेल्या सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. खरं बोलायची ती जागा होती आणि मी बोलले नाही. मला मामांची अब्रू वाचवायची होती की माझी, हे मला अजून धड सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. काट्याखाली ते कार्ड होतं. काटा डगमगू नये म्हणून मामा त्याच्या पायाखाली कागद सरकवायचे. आदर्श दारात उभा होता.

"ताई, एक विचारू? तुझा आकडा चुकला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर होता."

तो तिथंच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. माझ्याकडे त्याला जवळ घ्यायचं बळ नव्हतं. मी कार्डाकडे बघत होते. द्राक्षं, साखर, मोसंबी, सफरचंद, दालचिनी, पाणी, सोडा, तयार माप, गिलास. आणि त्याखाली, माझ्या फोटोत नसलेली, त्याच सरळ उभ्या अक्षरातली शेवटची ओळ. 'मुरवण – एकवीस दिवस.'

एकही माप न लिहिता सोडणं त्यांना जमणारच नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं. मी मोबाईल काढून तो फोटो उघडला आणि मोठा केला. कार्डाच्या खालच्या कडेला, अगदी सहज टेकल्यासारखा, मामांचा अंगठा होता.